फुगलेली कड

ऑगस्टातली दुपार होती. दादरला माझ्या मावसबहिणीच्या दिवाणखान्यात आम्ही दोघं गुडघे टेकून बसलो होतो आणि चार वर्षांपूर्वी तिने हौसेने करून घेतलेलं ‘वुडन फ्लोअरिंग’ पाहत होतो. उभ्याने पाहिलं तर त्यात काही खोट दिसत नव्हती. बाल्कनीच्या दारातून येणाऱ्या तिरप्या उजेडात डोकं खाली नेलं तेव्हा कळलं, की दारापाशी जिथे जिथे दोन फळ्या भेटतात तिथे एक बारीक वरंबा उठला आहे. अंगठा फिरवला की तो त्या वरंब्याला अडत होता. एका ठिकाणी वरचा सागवानी रंगाचा थर केसाएवढा चिरला होता आणि चिरेतून आतला तपकिरी भुसा डोकावत होता.

“आत्ता पाऊस आहे म्हणून असं झालंय. दिवाळीपर्यंत सुकून खाली बसेल ना रे?” तिने विचारलं.

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. सागवानी दार पावसाळ्यात चौकटीत अडकतं आणि थंडीत आपसूक मोकळं होतं, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. लाकूड फुगतं तसं उतरतं. पण तिच्या पायाखाली होतं ते लाकूड नव्हतं; लाकडाचे तंतू सुटे करून, त्यांना डिंक लावून, दाबून केलेली फळी होती. ती दिवाळीला खाली बसणार नव्हती, पुढच्या दिवाळीलाही नाही. हे तिला सांगताना मला वाईट वाटलं, कारण चार वर्षांपूर्वी कोणी तिला दहा मिनिटं बसून ही फळी काय चीज आहे हे सांगितलं असतं, तर ती दारापाशी फुगली नसती.

दुकानात ज्याला सरसकट ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणतात, त्यातलं बहुतेक लॅमिनेट असतं. अशा फळीला चार थर असतात. सर्वांत वर मेलामाइन राळेत भिजवलेला पारदर्शक कागद. त्यात अॅल्युमिनियम ऑक्साइडचे अतिबारीक कण पेरलेले असतात, म्हणून खुर्चीचे पाय ओढले तरी त्यावर सहसा ओरखडा उठत नाही. त्याखाली सागाच्या किंवा ओकच्या रेषा छापलेला कागद. मग मुख्य अंग, म्हणजे ८ किंवा १२ मिलिमीटर जाडीचं एचडीएफ (हाय डेन्सिटी फायबरबोर्ड, तंतू घट्ट दाबून केलेली फळी). आणि तळाला आणखी एक राळेचा कागद, फळी वाकू नये म्हणून. वरच्या थरातून पाणी सहसा आत जात नाही. विक्रेता फळीवर ग्लासभर पाणी ओतून दाखवतो तेव्हा तो खोटं दाखवत नसतो. तो फक्त फळीची पाठ दाखवतो. तिची कड दाखवत नाही.

ही कड समजून घ्यायची तर फळी घडते कशी ते पाहायला हवं. लाकडाचे तंतू सुटे करून पुन्हा जोडण्याचा उद्योग अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी जोमाने सुरू झाला. विल्यम मेसन हा थॉमस एडिसनबरोबर काम केलेला माणूस तिथल्या सॉ-मिलमध्ये वाया जाणाऱ्या लाकडाचं काय करता येईल या विचारात होता. लाकडाच्या चिपा बंद भांड्यात वाफेच्या प्रचंड दाबाखाली ठेवायच्या आणि दाब एकदम सोडायचा; वाफ आतून फुटते आणि चिपांचा कापसासारखा लगदा होतो, हे त्याने १९२४ मध्ये साधलं. तो लगदा तापलेल्या प्रेसमध्ये दाबला की कडक फळी तयार होते. तिला त्याच्या नावावरून ‘मेसोनाइट’ म्हणू लागले. बाहेरचा डिंक त्यात जवळजवळ नव्हताच. लाकडात तंतूंना एकत्र धरणारं लिग्निन असतं, ते उष्णतेने आणि वाफेने मऊ होतं आणि थंड होताना पुन्हा पकड घेतं.

आजच्या एचडीएफमध्ये वाफ आहेच. चिपा वाफेत शिजवून दोन खाचदार चकत्यांमध्ये दळतात आणि तंतू सुटे करतात. त्यावर युरिया-फॉर्मल्डिहाइडची राळ फवारतात, तंतू वाळवतात आणि त्यांची भलीमोठी भुसभुशीत गादी पसरतात. ती गादी तापलेल्या प्रेसमध्ये शिरते आणि बाहेर येते तेव्हा ८ मिलिमीटरची झालेली असते. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं. एचडीएफ ८०० ते ९०० किलो भरतं. सागाहून जड असं काही सागाहून हलक्या लाकडांपासून बनलं, तर ते वजन आलं कुठून? तंतूंच्या आतल्या पोकळ्या आणि तंतूंमधल्या फटी प्रेसने पिळून नाहीशा केल्या, तिथून. प्रत्येक तंतू चेपलेला आहे, वाकवलेला आहे, आणि राळेने त्याला त्याच अवस्थेत बांधून ठेवलं आहे. फळीत दाबून धरलेली असंख्य लहान स्प्रिंगं आहेत असं समजा.

आता पाणी आलं. पहिली गोष्ट होते ती कुठल्याही लाकडात होईल तीच: तंतूंच्या भिंती पाणी धरतात आणि जाड होतात. सुकल्यावर पातळ होतात. दुसरी गोष्ट मात्र फक्त दाबलेल्या फळीत होते. ओल्या तंतूचा ताण वाढतो, त्याच वेळी पाण्याने युरियाच्या राळेची पकड सैल होते, आणि बांधलेली स्प्रिंगं सुटतात. तंतू आपल्या मूळ आकाराकडे परत जातात. पाणी नंतर उडून जातं, पण सुटलेला तंतू स्वतःहून पुन्हा चेपून बसत नाही. त्यासाठी प्रेस लागेल, उष्णता लागेल, ताजी राळ लागेल. फुगवट्यातला पहिला भाग उतरतो, दुसरा राहतो, आणि दिसतो तो दुसराच.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर काम झाल्यावर सुतार जे तुकडे फेकून देतो त्यातला एक उचला. बशीत बोटभर पाणी घ्या आणि तुकड्याचं कापलेलं टोक त्यात उभं करून रात्रभर ठेवा. सकाळी बुडालेलं टोक आणि कोरडं टोक चिमटीत धरून पाहा. मोजपट्टी लागत नाही, बोटांना कळतं. मग तो तुकडा आठवडाभर पंख्याखाली वाळवा आणि पुन्हा चिमटीत धरा. फ्लोअरिंग घ्यायच्या आधी प्रत्येकाने हा तुकडा वाळवून पाहावा असं मला मनापासून वाटतं. दहा जाहिराती वाचून जे समजणार नाही ते त्यात समजतं. दोन कंपन्यांचे नमुने शेजारी शेजारी ठेवले तर कोणतं घ्यायचं याचाही बराचसा निकाल लागतो.

युरोपात लॅमिनेटसाठी जे मानक आहे, त्यात नमुना २४ तास पाण्यात बुडवून त्याची जाडी किती वाढते ते मोजतात. वापराच्या वर्गानुसार साधारण १८ ते २० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते. १८ टक्के म्हणजे ८ मिलिमीटरच्या फळीत जवळजवळ दीड मिलिमीटर. परीक्षेत पास झालेली फळीसुद्धा दिवसभर पाण्यात राहिली तर एवढी फुगू शकते. दुकानात मात्र आपल्याला आवर्जून सांगतात ते ‘एसी थ्री’, ‘एसी फोर’ हे आकडे. ते पृष्ठभाग किती झिजतो याचे आहेत, त्यांचा पाण्याशी काही संबंध नाही. काही फळ्यांचा गाभा हिरवा असतो आणि तो हिरवा म्हणजे ओल सोसणारा, असं सांगितलं जातं. ओल सोसते ती राळेत मेलामाइन मिसळल्यामुळे. हिरवा हा नुसता ओळखीसाठी घातलेला रंग आहे. म्हणून रंग पाहून विश्वास ठेवू नका, ‘थिकनेस स्वेलिंग’चा आकडा मागा. जो विक्रेता तो आकडा देऊ शकतो त्याच्याकडून फळी घ्यावी, असं माझं मत आहे.

वरून सांडलेल्या पाण्याची भीती सगळ्यांना असते. माझ्या पाहण्यात अधिक फळ्या खालून आलेल्या ओलीने गेल्या आहेत, आणि ही ओल कोणाला दिसत नाही म्हणून तिच्याकडे लक्षही जात नाही.

काँक्रीट कालवताना जे पाणी घालतात त्यातलं काही सिमेंटशी कायमचं बांधलं जातं. उरलेलं महिनोन्‌महिने वर येऊन उडत राहतं. २८ दिवस पाणी मारलं की स्लॅब ‘तयार’ झाला असं आपण म्हणतो, पण ते त्याच्या मजबुतीचं गणित आहे, कोरडेपणाचं नव्हे. सिमेंटच्या कोब्याचा अंदाज असा, की पहिल्या चार सेंटिमीटरपर्यंत दर सेंटिमीटरला एक आठवडा, आणि त्यापुढे जाडी वाढेल तसा त्याहून कितीतरी जास्त वेळ. हाही हवा कोरडी असेल तर. मुंबईच्या जुलैत हे आठवडे मोजण्यात अर्थ नाही. ताबा मिळाला, गणपतीच्या आत राहायला जायचंय म्हणून कोबा टाकल्याच्या तिसऱ्या आठवड्यात वर फळ्या अंथरल्या, तर कोब्यातलं पाणी जाणार कुठे? ते फळीच्या पोटात जातं.

मिस्त्री तळवा टेकवून “सुकलंय साहेब” म्हणतो. तो मुद्दाम चुकीचं सांगत नाही. पण तळव्याला वरचा पापुद्रा कळतो, त्याच्या आत काय आहे ते कळत नाही. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड फूट लांब-रुंद तुकडा घ्या, जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने घट्ट बंद करा आणि किमान १६ तास, जमल्यास दोन दिवस, हात लावू नका. मग उचला. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव असेल किंवा खालची जमीन काळपटली असेल, तर फळ्या येऊ देऊ नका. दोन-तीन ठिकाणी करा, त्यातलं एक बाथरूमच्या भिंतीलगत. मोठ्या कामावर कोब्याचा तुकडा फोडून कॅल्शियम कार्बाइडबरोबर बंद बाटलीत हलवतात. कोब्यातलं पाणी आणि कार्बाइड मिळून अॅसिटिलीन वायू होतो, त्याच्या दाबावरून ओल वाचता येते. सिमेंटच्या कोब्यात ती २ टक्क्यांच्या आत हवी. घरासाठी प्लॅस्टिकचा तुकडा पुरतो. मात्र त्यात काही दिसलं नाही तरी पुढची पायरी गाळायची नाही.

ती पायरी म्हणजे फळ्यांखाली अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद. तो २०० मायक्रॉनचा घ्यावा, दोन पट्टे एकमेकांवर वीतभर चढवून टेपने जोडावेत आणि भिंतीपाशी स्कर्टिंगच्या मागे थोडा वर वळवावा. त्यावर फोम. पुष्कळ ठिकाणी नुसता पांढरा फोम पसरून काम उरकलेलं मी पाहिलं आहे. फोम पावलांचा आवाज मऊ करण्यासाठी आणि बारीक चढउतार झाकण्यासाठी असतो. त्याच्या सांध्यांतून वाफ सहज वर येते. जुन्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर फळ्या टाकतानाही कागद सोडू नये, कारण टाइलमधून नाही तरी टाइल्सच्या फटींमधून ओल येतेच. तळमजल्यावर तर जमिनीतली ओल बारमाही असते. आपल्याकडे वाड्यांच्या लाकडी खांबाखाली दगडाचा तळखडा असायचा. खांब सागाचा, तरी त्याचं बूड मातीला लागू द्यायचं नाही, मध्ये दगड घालायचा. हा काळा प्लॅस्टिकचा कागद म्हणजे आपल्या फळीचा तळखडा आहे.

एका जागी मात्र हा कागद नको. जुन्या घराच्या माडीवर खालीच लाकडी फळ्यांची तक्तपोशी असेल, तर प्लॅस्टिकने तिचा श्वास कोंडतो. खालून आलेली दमट हवा अडते आणि तक्तपोशीच्या लाकडावर बुरशी धरते. तिथे श्वास घेणारा फोम किंवा कॉर्क वापरतात.

आता हवेबद्दल. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-३० टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलैत ८०च्या वर जाते. मुंबई बाराही महिने दमट, त्यामुळे तिथला हेलकावा पुण्याहून कमी. या हेलकाव्याने एचडीएफ लांबी-रुंदीतही थोडं वाढतं, मीटरमागे एक-दोन मिलिमीटर. पाच मीटरच्या खोलीत हे १० मिलिमीटरपर्यंत जातं. म्हणून फळ्या भिंतीला कधीच टेकवायच्या नाहीत. चारही बाजूंनी आठ-दहा मिलिमीटर फट ठेवायची आणि ती स्कर्टिंगने झाकायची. फ्लोअरिंग जमिनीला चिकटवलेलं नसतं, ते तरंगत असतं. त्यावर ओट्याखालच्या ट्रॉल्यांचा सांगाडा किंवा भिंतीतलं कपाट स्क्रूने ठोकलं की ते एका जागी खिळतं आणि वाढायला जागा न मिळाल्याने दुसरीकडे तंबूसारखं उचलतं. हा तंबू आणि माझ्या बहिणीच्या घरचा वरंबा, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तंबूवर पाय दिला तर तो दबतो आणि पाय काढला की पुन्हा उठतो. भिंतीकडची फळी बोटभर कापली की बरा होतो. वरंबा पायाने दबत नाही, कारण तिथे फळी वर उचलली गेलेली नसते, तिथे तीच जाड झालेली असते. दुरुस्ती करणारा माणूस बोलावण्याआधी एवढं पाऊल टेकवून पाहावं.

फळ्या घरी आल्या की लगेच लावायला घेऊ नयेत. खोके न फोडता, आडवे, ज्या खोलीत लावायचे तिथेच दोन दिवस ठेवावेत. पावसाळ्यात बाल्कनीत उभे करून ठेवलेले खोके मी पाहिले आहेत. त्या घराची तक्रार पहिल्याच वर्षी येणार.

राहिली रोजची वापरातली काळजी. तिचं मूळ आपल्या सवयीत आहे. शहाबादी, कोटा, मोझेक: आपल्या फरशा पाण्याला न भिणाऱ्या होत्या. बादलीत फडकं बुडवून, अर्धवट पिळून, भरभर लादी पुसायची आणि सुकायला पंखा लावायचा, हे काम करणाऱ्या मावशींच्या हातात वर्षानुवर्षं बसलेलं आहे. लॅमिनेटवर हेच केलं तर रोज प्रत्येक सांध्यात थोडं पाणी उतरतं. १९७७ मध्ये स्वीडनच्या पेर्स्टॉर्प कंपनीने लॅमिनेटचं फ्लोअरिंग शोधून काढलं; सुरुवातीला फळ्यांच्या जिभा आणि खाचा डिंक लावून जोडत. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात नुसत्या एकमेकींत अडकणाऱ्या, ‘क्लिक’वाल्या फळ्या आल्या. त्याने लावणं आणि काढणं सोपं झालं. पण सांधा आता डिंकाने भरलेला नसतो. कारखान्यात कडेला मेण लावलेलं असेल तर पाणी काही काळ थोपतं, एवढंच. तेव्हा मावशींना रागावण्याऐवजी तो बशीतला फुगलेला तुकडा दाखवा. माझ्या बहिणीने दाखवला. त्या तो हातात फिरवून म्हणाल्या, “म्हणजे केरसुणीने काढायचं आणि पिळलेल्या फडक्याने नुसतं टिपायचं.” याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. फडकं इतकं पिळलेलं हवं, की पुसल्यावर जमीन मिनिटभरात कोरडी व्हावी. वाफेचा मॉप अजिबात नको: वाफ आणि उष्णता मिळूनच हे तंतू सुटे झाले होते, तेच त्यांच्यावर पुन्हा कशाला सोडायचं?

कुंडीखाली नुसती थाळी पुरत नाही. कुंडी आणि जमीन यांच्यात हवा खेळेल असा स्टँड हवा. रबराच्या पाठीची पायपुसणी ओल दाबून धरतात, ती काढून सुती टाका. एसीची नळी, फ्रिजची मागची थाळी, बाल्कनीच्या सरकत्या दाराची खाच पावसाळ्याआधी एकदा हाताने तपासा. बहिणीच्या घरी खोट त्या खाचेतच होती. दाराच्या रुळाखालची पाणी जाण्याची भोकं धुळीने बुजली होती. वाऱ्याचा पाऊस आला की खाच भरायची आणि पाणी आतल्या बाजूला, फळीच्या उघड्या कापलेल्या कडेवर उतरायचं. त्या कडेवर पट्टी ठोकलेली होती, पण पट्टीखाली फट तशीच मोकळी. अशा जागी फटीत मऊ फोमची दोरी दाबून वर सिलिकॉन भरतात. सिलिकॉन ताणलं जातं, त्यामुळे फळीला वाढायला जागाही राहते आणि पाणीही अडतं. बाथरूमच्या उंबऱ्यापाशी, पाइप जिथे फळीतून वर येतो तिथे, सगळीकडे हेच. स्वयंपाकघरात आणि बाथरूमच्या दाराबाहेर हातभर मात्र मी टाइलच घालीन, कितीही भारी लॅमिनेट कोणी दाखवलं तरी. फळ्यांच्या खोक्यावर ‘२४ तास वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं ते वरून सांडलेल्या पाण्याबद्दल. भिंतीत झिरपणाऱ्या पाइपला ते लागू नाही.

आणि एवढं करूनही एखाद्या दिवशी नळ उघडा राहिला, वॉशिंग मशीनची नळी निसटली, घरभर पाणी झालं, तर? वरचं पाणी टिपून थांबू नका. ज्या प्लॅस्टिकने खालची ओल अडवली, तोच आता वरून शिरलेलं पाणी फळीखाली धरून ठेवतो. त्याच दिवशी जवळच्या भिंतीचं स्कर्टिंग काढा आणि तिथून सुरुवात करून एकेक ओळ सोडवत ओल्या भागापर्यंत जा. क्लिकच्या सांध्याचा उपयोग इथे होतो: फळी तिरपी उचलली की सुटते. प्रत्येक फळीच्या मागे पेन्सिलीने क्रमांक घाला, नाहीतर परत लावताना घोळ होईल. न फुगलेल्या फळ्या आडव्या, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचा. उन्हात त्या वाकतात. भिजलेला फोम फेकून द्या. फुगलेली फळी तासून सपाट करता येत नाही, कारण तासायला वरती लाकूड नाही, कागद आहे. ती बदलावी लागते, आणि तेच डिझाइन चार वर्षांनी बाजारात मिळेलच असं नाही. म्हणून खरेदीच्या वेळीच एक खोका जास्त घ्यावा आणि पलंगाखाली आडवा ठेवावा.

बहिणीच्या घरी आम्ही दारापासूनच्या तीन ओळी काढल्या. खोका शिल्लक नव्हता, म्हणून त्या तीन ओळींच्या जागी कोटा बसवला, मध्ये पितळी पट्टी घातली. त्याआधी नोव्हेंबरात दोन दिवस तिथे प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनेच टेप उचकटला, प्लॅस्टिक उजेडात धरलं आणि आतल्या बाजूवरून कोरडं बोट फिरवून मला दाखवलं.